दुरुस्तीनंतरचा नवा बिघाड : जबाबदारी कोणाची?

गाडी दुरुस्त होऊन घरी येते आणि चारच दिवसांत तिच्यात भलताच बिघाड उद्भवतो. मालक म्हणतो, 'तुमच्याकडे येईपर्यंत हे नव्हते.' गॅरेजवाला म्हणतो, 'आम्ही त्या भागाला हातच लावला नाही.' बहुधा दोघेही मनापासून बोलत असतात. एकाला तोच खर्च पुन्हा सोसावा लागण्याची धास्ती असते, तर दुसऱ्याला न केलेल्या चुकीचा भुर्दंड पडण्याची. अनेक वर्षांचा घरोबा अशा एका वादात तुटतो. आवाज चढवून हा वाद सुटत नाही. कारण शोधल्याने सुटतो.

कावळा आणि फांदी

दुरुस्तीनंतर घडले म्हणजे दुरुस्तीमुळेच घडले, असे नव्हे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे सर्वांना ठाऊक असते. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र त्याचा विसर पडतो. म्हणून नवा बिघाड कोणत्या प्रकारात मोडतो, हे आधी पाहावे.

पहिला प्रकार कामाच्या जागीच झालेल्या चुकीचा. इंजिन ऑइल बदलल्यावर ड्रेन प्लगमधून किंवा फिल्टरच्या कडेने तेल गळणे, चाक बसवताना नट सैल राहणे, ब्रेक ऑइल बदलताना नळीत हवा राहून पेडल मऊ लागणे, ही त्याची उदाहरणे. येथे जबाबदारी सहसा गॅरेजची असते.

दुसरा प्रकार वाटेत झालेल्या नुकसानीचा. एका भागापर्यंत पोहोचण्यासाठी दुसरे भाग हलवावे लागतात. त्यात एखादा कनेक्टर नीट बसवायचा राहिला, तर तो निष्काळजीपणा होय. परंतु वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ झालेली रबरी नळी हात लागताच तडकली, तर दोष केवळ कारागिराचा म्हणता येत नाही. अशा वेळी प्रश्न उरतो तो पूर्वकल्पनेचा : नळी जीर्ण झाल्याचे मालकाला सांगितले होते काय?

तिसरा प्रकार निव्वळ योगायोगाचा. ब्रेक पॅड बदलल्यानंतर आठवड्याने एसीचा कॉम्प्रेसर बंद पडला, तर या दोहोंचा संबंध जोडणे कठीण. तेथे गॅरेजला दोष देणे अन्यायाचे ठरते.

याखेरीज न केलेल्या कामाचाही एक वाद असतो. ज्या इंजिनांत पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर फिरतो, तेथे बेल्टबरोबर पंपही बदलण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. कारण दोहोंसाठी इंजिनाचा तोच भाग उघडावा लागतो. जुना पंप पुढे गळू लागला, तर नवा बेल्टही खराब होऊ शकतो आणि मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते. गॅरेजने पंपाचा विषयच काढला नसेल, तर मालकाची तक्रार रास्त. खर्च वाचवण्यासाठी मालकानेच नकार दिला असेल, तर गॅरेज निर्दोष. जॉब कार्डवरील एका ओळीने हा निवाडा होतो.

लेखी नोंदीचे मोल

म्हणूनच गाडी सोपवताना जॉब कार्ड घाईने सही करून परत देऊ नये. किलोमीटरचा आकडा, डॅशबोर्डवर पेटलेले इशारादर्शक दिवे, बाहेरचे ओरखडे आणि मालकाची नेमकी तक्रार त्यावर असावी. जादा कामाला संमती लेखी द्यावी, बदललेले जुने भाग परत मागावेत आणि पक्के बिल घ्यावे.

नवा बिघाड दिसताच प्रथम गाडी चालवणे थांबवावे. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा पेटलेला असताना गाडी पुढे दामटली, तर किरकोळ गळतीतून इंजिनच निकामी होऊ शकते. आणि त्या वाढीव नुकसानीचे खापर मालकाच्या माथी फुटते. गळतीची व किलोमीटरच्या आकड्याची छायाचित्रे घेऊन त्याच दिवशी गॅरेजला लेखी संदेश पाठवावा. रागाच्या भरात दुसऱ्या कारागिराकडून गाडी उघडून घेणे महागात पडते. भाग हलले की पुरावाही हलतो. आधी मूळ गॅरेजला तपासणीची संधी द्यावी. त्रयस्थाचे मत हवेच असेल, तर ते काही सुटे करण्यापूर्वी, छायाचित्रांसह आणि लेखी घ्यावे.

आधुनिक गाडी स्वतःही साक्ष देते. संगणकीय नियंत्रण असलेल्या इंजिनात दोषाचा कोड नोंदला जातो आणि अनेकदा त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे व तापमानही साठवले जाते. तो कोड पुसण्यापूर्वी त्याची प्रत मागून घ्यावी.

कायदा काय म्हणतो?

दुरुस्तीसाठी वस्तू सोपवणे हा भारतीय करार अधिनियम, 1872 नुसार निक्षेप होय. सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी ती ताब्यात घेणाऱ्याने घ्यावी, असे त्याचे कलम 151 सांगते. 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' अशी पाटी लावल्याने हे कर्तव्य संपत नाही. हॉटेलच्या वाहनतळावरून गाडी चोरीस गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हीच भूमिका घेतली : अशा अटीआड स्वतःचा निष्काळजीपणा लपवता येत नाही.

त्याच कायद्याचे कलम 170 मात्र गॅरेजच्या बाजूने आहे. श्रम व कौशल्य खर्चून केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत त्याला गाडी रोखून ठेवता येते. म्हणून बिलावरून वाद असल्यास 'हरकत राखून रक्कम अदा केली' असे लिहून पैसे भरणे आणि गाडी सोडवून घेणे अनेकदा शहाणपणाचे ठरते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत नुकसानकारक निष्काळजीपणाबरोबर महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणेही येते. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तेथे तोडगा न निघाल्यास जिल्हा आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि वकील नेमणे सक्तीचे नाही. व्यावसायिक हेतूने घेतलेल्या सेवेला हा कायदा सहसा लागू होत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करणारा त्याला अपवाद. व्यापारी कुटुंबांनी पेढीच्या गाडीबाबत हे ध्यानी ठेवावे.

तथापि आयोगासमोरही शेवटी तोच प्रश्न येतो : बिघाड आणि केलेले काम यांचा दुवा कोठे आहे? तो कागदावर दिसत असेल, तर पुष्कळ वाद गॅरेजच्या दारातच मिटतात. दुवा आढळला तर सचोटीचा कारागीर पुन्हा मजुरी मागत नाही. आणि तो आढळला नाही, तर सचोटीच्या ग्राहकाने आपला आरोप मागे घ्यायला हवा.