दमामाच्या तालावर सिद्दी बायकांचा सूर

देवनहळ्ळीच्या विमानतळावरून बंगळुरात शिरताना टॅक्सीत बहुतेकदा कन्नड सिनेमाची गाणी लागलेली असतात. 2021 साली आलेल्या ‘सलग’ या सिनेमातलं ‘टिणिंग मिणिंग टिश्या’ हे त्यातलंच एक. संगीत चरण राज यांचं. पण कान टवकारतात ते गिरिजा सिद्दी आणि गीता सिद्दी यांच्या आवाजांनी. खणखणीत, मोकळे, कुणाची भीडभाड न ठेवणारे आवाज.

सिद्दी म्हटलं की मराठी माणसाला जंजिरा आठवतो, फार तर मलिक अंबर. म्हणजे सगळे पुरुष आणि सगळे तलवारबहाद्दर! उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला या रानपट्ट्यातल्या सिद्दींची कहाणी निराळी. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांपैकी जे निसटून घाटावरच्या जंगलात शिरले, त्यांचे हे वंशज मानले जातात. कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. घरातली बोली मात्र कोकणी वळणाची, मराठी आणि कन्नड मिसळलेली. सणासुदीला दमाम हा ढोल घुमतो. बायका फुगड्या घालतात, आणि त्या फुगड्या कोकणातल्या माणसाला परक्या वाटणार नाहीत.

परकं ठरवलं जातं ते त्यांना. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहूनही कुरळे केस आणि काळा वर्ण पाहून ‘कुठल्या देशाचे?’ असं विचारणारे भेटतातच. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायलाही 2003 साल उजाडलं.

असा नाकारलेला सन्मान काळ्या गायिकांनी इतरत्र गाण्यांतून मागितला. अमेरिकेत 1967 साली अरेथा फ्रँकलिन यांनी ओटिस रेडिंग यांचं ‘रिस्पेक्ट’ गायलं, तेव्हा घरी परतणाऱ्या पुरुषाची मागणी बाईची झाली आणि गाण्याचा अर्थच फिरला. नीना सिमोन यांनी तर काळ्या तरुणांच्या गुणवत्तेचं गाणंच रचलं. तिथं सन्मान थेट शब्दांत मागितला गेला. सिद्दी बायकांच्या बाबतीत तो आधी रंगमंचावर मिळाला. ऐंशीच्या दशकात नाट्यदिग्दर्शक चिदंबर राव जंबे यांनी याच भागातल्या मंचीकेरीला सिद्दी कलाकारांना घेऊन नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांच्या कादंबरीवरचं कन्नड नाटक बसवलं. आफ्रिकी गोष्ट, आफ्रिकी वंशाचे नट आणि अस्सल कन्नड बोलणं! त्यानंतर हेग्गोडूच्या ‘नीनासम’ नाट्यसंस्थेची वाट अनेक सिद्दी मुलामुलींनी धरली.

गिरिजा सिद्दीही याच रंगभूमीच्या मुशीतल्या. सिनेमावाल्यांना अशा आवाजांत निव्वळ ‘रानटी’ रंगत हवी असते, ही शंका रास्तच आहे. तरी ‘टिणिंग मिणिंग’च्या गायकांच्या यादीत ‘सिद्दी’ हे आडनाव दोनदा छापलेलं आहे, आणि यल्लापूरकडच्या एखाद्या शाळकरी पोरीला ते मोबाइलच्या पडद्यावर सहज वाचता येतं.