परीक्षा कोण देतो, कोण घेतो?



नेसरीकडचा एखादा मुलगा नोकरीच्या मुलाखतीला जातो. साहेब इंग्रजीत विचारतात, "शिक्षण काय झाले?" उत्तर त्याला ठाऊक असते, पण तोंड उघडत नाही. चुकलो तर हसतील, ही धास्ती! नुसते शब्द घोकून ती जायची नाही. आपली बोली आणि इंग्रजी यांच्या वाटा कुठे फुटतात, ते कळले की ती जाते.

आता पाहा. मराठीत मुलगा परीक्षा देतो आणि गुरुजी ती घेतात. इंग्रजीत नेमके उलटे. तिथे मुलगा 'टेक' करतो, म्हणजे घेतो, आणि गुरुजी 'गिव्ह' करतात. गडहिंग्लजच्या बाजारात कानडी बोलणारा भेटला तर त्याला विचारा. तो म्हणेल, आम्ही परीक्षा लिहितो. परीक्षा एकच, तऱ्हा तीन! तेव्हा 'गिव्ह' म्हणणारा पोरगा काही अडाणी नव्हे. आपल्या देशात ते समजतेही. परदेशी माणूस मात्र त्यालाच परीक्षक समजायचा.

शिकणे आणि शिकवणे हे आपल्याकडे एकाच घरचे शब्द. कानडीतही तसेच, 'कलि' आणि 'कलिसु'. इंग्रजीत घरे दोन: शिकणारा 'लर्न' करतो, शिकवणारा 'टीच' करतो. अभ्यासाला 'स्टडी' हा आणखी निराळा शब्द. आणि "मी आठवीत शिकतो" याला यातले काहीच लागत नाही. "आय ॲम इन द एट्थ स्टँडर्ड" एवढे पुरे.

पाठ केलेले आपल्याकडे तोंडात राहते, म्हणून तोंडपाठ. इंग्रजीत ते काळजात उतरते: 'लर्न बाय हार्ट'.

उसने घेण्यात आपणही मागे नाही, बरे का! इंग्रजी 'पास'ला फारसीतला 'ना' जोडून आपण 'नापास' केला, आणि तो आता घरचाच झाला.

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला. मूल शाळेत आणणे हे तेव्हाचे काम. २००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले. मूल बोलते करणे हे आताचे काम. गुरुजी, फळ्यावर दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी लिहा आणि फरक मुलांनाच शोधू द्या. एखादे चुकले, तर वर्गात कुणाला हसू मात्र देऊ नका.