एकच प्रोग्राम, तीन संगणक

संगणकाच्या तासाला आपण पायथॉनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामचे उत्तर काळ्या पडद्यावर उमटते. पण आंतर-हाऊस स्पर्धांच्या गुणांचा तक्ता इतरांनी वापरावा असे वाटत असेल, तर खिडकी, बटणे आणि रकाने हवेत. हे भाग तयार देणाऱ्या संचाला ‘जीयूआय टूलकिट’ म्हणतात. इथे बंगळुरूला शाळेत विंडोज, सुट्टीत माझ्या घरी लिनक्स आणि एखाद्या मित्राकडे मॅक. तिन्हींवर एकच प्रोग्राम चालावा, तर कोणते टूलकिट घ्यावे?

पायथॉनबरोबर मिळणारे टीकिंटर सर्वांत सोपे. ते ‘टीके’ या जुन्या टूलकिटवर उभे आहे. डब्ल्यूएक्सविजेट्स त्या त्या प्रणालीचीच बटणे वापरते, म्हणून खिडकी परकी वाटत नाही. जीटीके मुळात ‘गिंप’ या चित्रे संपादित करण्याच्या प्रोग्रामसाठी तयार झाले. लिनक्सवर ते उत्तम, विंडोजवर मात्र सोबतच्या फायलींची जुळवाजुळव करावी लागते. नॉर्वेत जन्मलेले ‘क्यूट’ बटणे स्वतःच रंगवते. विंडोज आणि लिनक्सवर व्हीएलसी प्लेअरची खिडकी त्याचीच आहे. इलेक्ट्रॉनमध्ये वेबपेजसारखे लिहिता येते, पण प्रत्येक प्रोग्रामसोबत अख्खा क्रोमियम ब्राउझर जातो. छोट्या तक्त्यासाठी एवढे ओझे कशाला?

माझी पहिली कसोटी मराठीची. बटणावर ‘शिस्त’ हा शब्द लिहून पाहा. आपण ‘श’नंतर वेलांटी टाइप करतो, पण ती दिसायला हवी ‘श’च्या आधी, ‘स’ आणि ‘त’ जोडलेही जायला हवेत. ही जुळणी करणारा वेगळा भाग लागतो. क्यूट आणि जीटीके यांत हे काम ‘हार्फबझ’ करते. टीकेच्या 8.6 आवृत्तीत लिनक्सवर ही सोय नाही. तिथे वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षर फुटते. विंडोजवर तोच प्रोग्राम नीट दिसतो, म्हणून दोष लवकर लक्षात येत नाही. यादीतले प्रत्येक नाव नीट दिसायला हवे, म्हणून ही कसोटी मला महत्त्वाची वाटते.

दुसरी कसोटी परवान्याची. पायथॉनमधून क्यूट वापरण्याचे दोन मार्ग आहेत. पायक्यूट जीपीएल परवान्याखाली मिळते: प्रोग्राम इतरांना दिला, तर त्याचा मूळ कोडही त्याच परवान्याने द्यावा लागतो, नाहीतर विकतचा परवाना घ्यावा लागतो. पायसाइडचा एलजीपीएल परवाना सैल आहे. अटी पाळून स्वतःचा कोड स्वतःकडे ठेवता येतो.

आपल्यापैकी अनेकांना गणवेश घालायचा आहे. 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाने इंटरनेटला जोडलेल्या संगणकांवर विंडोजऐवजी उबुंटू लिनक्सवर आधारलेली ‘माया’ प्रणाली आणायचे ठरवले. फक्त विंडोजवर चालणारा प्रोग्राम अशा बदलात मागे पडतो.

म्हणून माझा सल्ला असा: शिकायला टीकिंटर, इतरांना द्यायच्या मराठी प्रोग्रामसाठी पायसाइड. निवड काहीही असो, शंभर ओळी लिहिण्याआधी एक खिडकी आणि एक मराठी शब्द तिन्ही संगणकांवर उघडून पाहा. दहा मिनिटांचे काम आहे.