पडद्याची काळी किनार : सुतार, दर्जी आणि इलेक्ट्रिशियन यांच्यासाठी एक जोडधंदा

वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर या गावांत सुतारकाम, शिलाई आणि वीज-फिटिंग करणारे आपले अनेक बांधव आहेत. लग्नसराई संपली की दर्जीची मशीन थंडावते. पावसाळ्यात बांधकामे थांबली की सुतारही घरी बसतो. अशा दिवसांत हाताला काम देणारा एक लहानसा धंदा आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

घरात प्रोजेक्टर लावून मोठ्या पडद्यावर सिनेमा पाहण्याची हौस आता महानगरांपुरती राहिलेली नाही. पडदा बाजारात तयार मिळतो. परंतु त्याला लागणारी सरकती काळी किनार त्या त्या घराच्या मापानेच बनवावी लागते. ती बनविणे हेच हे काम होय.

किनार कशासाठी?

सर्व चित्रपटांचा आकार एक नसतो. 1953 साली अमेरिकेत सिनेमास्कोपचा रुंद पडदा आला. आपल्या देशात 1959 साली गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' हा त्या पद्धतीचा पहिला चित्रपट निघाला. त्यापूर्वीचे चित्रपट जवळजवळ चौकोनी होते. म्हणूनच थिएटरांत पडद्याभोवती काळ्या कापडाची सरकती किनार असे आणि चित्रपटाच्या आकाराप्रमाणे ती हलवीत.

घरचा पडदा सहसा 16 x 9 या प्रमाणाचा असतो. त्यावर रुंद चित्रपट लावला की वर व खाली रिकाम्या पट्ट्या राहतात. प्रोजेक्टरला पूर्ण काळा रंग दाखविता येत नाही. थोडा उजेड निसटतोच आणि पांढरा पडदा तो परत फेकतो. त्यामुळे पट्ट्या राखाडी दिसतात व चित्र फिके वाटते. त्या जागी काळी मखमल आली की तोच उजेड ती गिळून टाकते आणि चित्र उठून दिसते. प्रोजेक्टर न बदलता हा फरक पडतो.

माप आणि साहित्य

100 इंची पडदा घेतला, म्हणजे कर्ण 100 इंच, तर रुंदी सुमारे 87 इंच व उंची 49 इंच भरते. रुंद चित्रपटाला त्यातील साडेछत्तीस इंच उंची पुरते, म्हणजे वर व खाली सव्वासहा इंच झाकावे लागतात. जुन्या चौकोनी चित्रपटाला दोन्ही बाजूंनी सुमारे 11 इंच झाकावे लागतात. किनारीची कड चित्रावर दोन-तीन मिलिमीटर चढू द्यावी, म्हणजे रेघ स्वच्छ दिसते. फळी पडद्याला घासू नये, पण अर्ध्या इंचाहून पुढेही नसावी. नाही तर बाजूला बसणाऱ्याला सावली दिसते.

44 इंच पन्ह्याची मखमल तीन मीटर घेतली तर चारही फळ्या मढविता येतात. मखमलीची लव वरच्या व खालच्या फळीवर एकाच दिशेला असावी, नाही तर एक फळी काळी आणि दुसरी करडी दिसते. ही गोष्ट दर्जीच जाणतो.

वरची व खालची फळी सरकविण्याची युक्ती आपल्या विहिरीवरची आहे. एक बादली खाली गेली की दुसरी वर येते. तशीच वरच्या फळीची दोरी चौकटीच्या माथ्यावरील कप्पीवरून आणून खालच्या फळीला बांधावी. दोन्ही फळ्या सारख्या वजनाच्या असतील तर त्या एकमेकींना तोलून धरतात व हलक्या हाताने सरकतात. दोन्ही टोकांच्या कप्प्या एकाच आडव्या नळीवर घट्ट बसवाव्यात आणि दोरीला त्यांवर एक वेढा द्यावा, म्हणजे फळी तिरपी होत नाही. बाजूच्या फळ्या साध्या हुकावर अडकविल्या तरी चालतात.

आमचा अनुभव

हा प्रयोग आम्ही प्रथम आमच्या घरी केला आणि तो फसला. कापड सॅटिनचे निघाले व प्रकाश पडताच चमकू लागले. पातळ प्लायवूड पहिल्याच पावसाळ्यात वाकले. सुताराने दोष दर्जीवर टाकला, दर्जीने सुतारावर. खरे पाहता सॅटिन आम्हीच पसंत केले होते आणि जाड लाकडाचे पैसे वाचविण्याचा आग्रहही आमचाच होता. दुसऱ्यांदा सुकलेल्या लाकडाची चौकट गुण्या व पाणसळ लावून केली, मखमल चढविली, तेव्हा काम जमले. पैसे मात्र दोनदा गेले.

यातून धंद्याचा धडा एवढाच. हे काम एकट्याचे नाही. चौकट सुताराची, मखमल दर्जीची, प्रोजेक्टर सरळ बसविणे व वायरिंग इलेक्ट्रिशियनचे. तिघांनी मिळून काम घ्यावे. साहित्य, मजुरी आणि महिन्याभराने लागणारी दुरुस्तीची एक फेरी असा हिशेब करूनच भाव सांगावा. कोणाचा वाटा किती व बिघाड झाल्यास भरपाई कोणाची, हे काम हाती घेण्यापूर्वी कागदावर लिहावे. तोंडी सौद्यात मैत्री व गिऱ्हाईक दोन्ही जातात.

शेवटी एक सूचना. गिऱ्हाईक काय पाहणार आहे हे आधी विचारावे. फक्त क्रिकेट व टीव्हीच पाहायचा असेल तर त्याला सरकत्या किनारीची गरज नाही, कारण ते चित्र पूर्ण पडदा भरते. तसे स्पष्ट सांगावे. एक काम हातचे जाईल, पण ज्याला आपण खरे सांगितले तोच गिऱ्हाईक आपल्या शेजाऱ्याला आपल्याकडे पाठवितो.