देव, दार आणि युक्तिवाद

देव आहे की नाही, यावर महाराष्ट्रात दीडशे वर्षे वाद झडत आले आहेत. त्यांचा मागोवा घेतला तर दिसते ते असे: युक्तिवादाने श्रद्धेला वळण लावले, तिच्या नावावर चालणाऱ्या अन्यायाला आवर घातला, पण श्रद्धा रुजवली किंवा उपटली ती बहुतेक वेळा जगण्यानेच. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या विद्वानांनी मूर्तिपूजा आणि अवतारकल्पना विचारपूर्वक नाकारली. तरीही मूर्ती नसलेल्या त्या प्रार्थनामंदिरात गायले गेले ते तुकोबांचे अभंग. तर्काने मूर्ती हलवली, पण देवाची ओढ अभंगांतूनच बोलत राहिली. पुढे १८८८ मध्ये गोपाळ गणेश आगरकरांनी ‘सुधारक’ हे पत्र काढले. मिल, स्पेन्सर हे पाश्चात्त्य विचारवंत पचवलेला हा अज्ञेयवादी लेखक. त्याच्या तोडीचे तर्कशुद्ध मराठी गद्य क्वचितच कुणी लिहिले असेल. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली, पण देव सोडला नाही. खुद्द आगरकरांच्या घरात पत्नी यशोदाबाईंची देवपूजा चालू होती आणि त्यांनी तिला आडकाठी केली नाही. त्यांच्या लेखणीचा खरा घाव बसला तो विधवांच्या केशवपनासारख्या रूढींवर.

याउलट नाशिक पाहा. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, प्रवेश नाकारलेल्या दलितांचा सत्याग्रह सुरू झाला. दर्शनाचा हक्क मागणारी ही माणसे नास्तिक नव्हती. सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला, तरी दार उघडले नाही. १९३५ मध्ये येवल्यात डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव न मानण्याची प्रतिज्ञा घेतली. बाबासाहेबांनी ईश्वरकल्पनेचे तात्त्विक खंडनही केले, हे खरे. पण लाखो माणसांना ते खंडन पटले, कारण बंद दार त्यांनी आधीच सोसले होते. अनुभव आधी आला. युक्तिवादाने त्याला शब्द आणि दिशा दिली.

यावर भगतसिंगांचे उदाहरण दिले जाईल. १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात, समोर फाशी दिसत असताना, त्यांनी आपल्या नास्तिकतेची कारणे मांडली आणि ती अभ्यासातून आल्याचे सांगितले. हे मान्यच करायला हवे: काही माणसे खरोखर विचाराने बदलतात आणि मरणाच्या दारातही ढळत नाहीत. पण ईश्वराच्या न्यायाविषयीचे त्यांचे प्रश्नही भोवतालच्या गुलामीतून आणि दारिद्र्यातून उठलेले आहेत. तिथेही तर्काखाली जमीन आहे ती जगण्याचीच.

मग वाद घालायचाच कशाला, असे कुणी विचारील. याचे उत्तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या कामात आहे. ते स्वतः देव मानत नव्हते. पण १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीला त्यांनी देव-धर्माबाबत तटस्थ ठेवले आणि बोट ठेवले ते शोषणावर. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. तो कायदा कुणाच्या देव्हाऱ्याला हात लावत नाही. मात्र नरबळी देणाऱ्याला आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणाऱ्याला गुन्हेगार ठरवतो. देव मानणारा आणि न मानणारा, दोघेही त्याच्या बाजूने उभे राहू शकतात. देवाविषयी एकमत नसतानाही माणसाविषयी एकमत घडवता येते, आणि दीडशे वर्षांच्या या वादाचे सर्वांत मोलाचे फळ मला तेच वाटते.