पंखा हवा थंड करत नाही

एप्रिल-मे महिन्यांत अंबरनाथ, बदलापूर, जांभूळ या पट्ट्यात पारा चाळिशी गाठतो. मग भर दुपारी पत्र्याखालच्या खोलीची दारं-खिडक्या लावून पंखा पाचवर सोडला जातो, खोली गार होईल या भरवशावर. ती होत नाही. मोटर जेवढी वीज खाते तिची अखेर उष्णताच होते. 75 वॅटचा पंखा बंद खोलीत 75 वॅटची भरच घालतो. तरी हा समज शिकल्यासवरल्या घरांतूनही जात नाही, आणि तो जिवावर बेतू शकतो.

हिशेब न्यूटनच्या शीतकरण नियमाचा आहे. वाऱ्याबरोबर जाणारी उष्णता म्हणजे संवहन गुणांक, क्षेत्रफळ आणि तापमानातला फरक यांचा गुणाकार. पंखा यातला फक्त गुणांक वाढवतो. त्वचा 35 अंशांवर आणि हवा 30 वर असेल तर उष्णता अंगातून बाहेर पडते. हवा 41 वर गेली की फरकाचं चिन्हच उलटतं, आणि तोच वारा अंगात उष्णता भरतो. गुणांक 10 आणि अंगाचं क्षेत्रफळ 1.8 चौरस मीटर धरलं, तर ही भर 108 वॅट होते. ती परतवायला तासाला सुमारे 160 ग्रॅम घाम अंगावर वाळावा लागतो.

तरुण माणसाला हे झेपतं. म्हातारपणी घामच कमी येतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना 40 अंशांपुढे पंख्यावर विसंबू नका असं सांगते. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मधल्या 2021 च्या अभ्यासाने तर निरोगी तरुणांसाठी 39 आणि 65 वर्षांपुढच्यांसाठी 38 अंशांची मर्यादा सुचवली.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘उष्णता वर जाते’: वर जाते ती तापून हलकी झालेली हवा, धातूतून उष्णता खालीही जाते. ‘वेग दुप्पट, तर उष्णताही दुप्पट’: नळीतल्या खळाळत्या प्रवाहासाठीचं डिटस-बोल्टर समीकरण 1.74 पटच सांगतं. ‘न्यूटनचा नियम तंतोतंत लागू पडतो’: स्थिर हवेत ड्यूलाँ आणि पेती यांना फरकाचा 1.233 वा घात मिळाला, तोही 1817 सालीच. ‘गुणांक पाण्याचा ठरलेला गुणधर्म’: बारवी धरणाचं तेच पाणी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या संथ टाकीत असताना गुणांक वेगळा, जलवाहिनीतून वेगाने धावताना वेगळा.

पारा चाळिशीपार गेला की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नुसत्या पंख्याच्या भरवशावर सोडू नका. ओल्या पंचाने अंग पुसत राहा, पाणी पाजा, आणि दुपारपुरतं तरी त्यांना पत्र्याखालून हलवा.