चालणारा, पण चेपलेला सेल

रेडिओचे सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे, दगडाने हलकेच ठोकायचे, नाही तर दाताखाली धरून चेपायचे आणि पुन्हा आकाशवाणी लावायची, हा प्रयोग चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक वाचकांनी केलेला असेल. बातम्या संपेपर्यंत तरी ते सेल टिकायचे. फार तर काय व्हायचे? सेल पाझरायचा आणि रेडिओच्या किंवा बॅटरीच्या (आपल्याकडे बॅटरी म्हणजे टॉर्चच) स्प्रिंगला पांढरी पूड धरायची. त्या जस्ताच्या सेलमध्ये घर पेटवण्याची ताकद नव्हती.

हल्ली सेल बदलले, सवय मात्र तीच राहिली. कर्जत, राशीन, मिरजगाव या आपल्या पट्ट्यात फवारणीचा पंप, पिकाभोवतीचे झटका मशीन आणि रात्री दारे धरायला जाताना लागणारी टॉर्च यांवाचून शेतकऱ्याचे चालत नाही. रेहेकुरीच्या आसपास हरणांपासून पीक राखणाऱ्याला तर झटका मशीन एक रात्रही बंद ठेवता येत नाही. मूळ बॅटरी बसली की नवी घेण्याऐवजी जुन्या लॅपटॉपच्या भंगारातले लिथियम-आयन सेल काढून घरच्या घरी पॅक बांधला जातो. गावातली हौशी पोरे हे काम सफाईने करतात आणि त्यांचे मला कौतुकच वाटते. पण भंगारातून सेल सोडवताना तो पकडीत दाबला जातो, वेल्डिंगची पट्टी उपटताना त्याचे टोक वाकते, पंप बांधावरून खाली पडतो. सेलला पोचा येतो. मीटर लावून पाहिले तर काटा व्यवस्थित ३.७ व्होल्ट दाखवतो आणि मग ठरलेले उत्तर मिळते, "चालतोय ना, मग झाले!"

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. हा पॅक पाठीला बांधलेल्या पंपाच्या तळाशी, माणसाच्या कमरेला लागून असतो आणि रात्री चार्जिंगला लावला की त्याच खोलीत मुले झोपलेली असतात, म्हणून.

पोचा आतपर्यंत गेलेला असतो

लॅपटॉपमधला नळकांडीच्या आकाराचा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. त्याच्या आत तांब्याचा एक पातळ पत्रा आणि अॅल्युमिनियमचा एक पातळ पत्रा, दोन्हींवर रासायनिक लेप, अशी सुरळीच्या वडीसारखी घट्ट गुंडाळी भरलेली असते. दोन्ही पत्रे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घातलेला असतो. त्याची जाडी मिलिमीटरचा पन्नासावा भाग, पुष्कळदा त्याहूनही कमी. माणसाचा केस त्याच्यापुढे जाड ठरतो. भोवती जो द्रव असतो तो चटकन पेट घेणारा.

बाहेरच्या पत्र्याला पोचा आला म्हणजे ही गुंडाळीही दाबली गेली. पापुद्रा फाटला तर सेल तिथल्या तिथे तापतो. ते एका अर्थी बरे, कारण धोका डोळ्यांना दिसतो. पण पुष्कळदा तो फाटत नाही, नुसता विरतो. असा सेल मीटरवर चांगलाच दिसणार. पुढे प्रत्येक चार्जिंगला आतले लेप किंचित फुगतात, उतरताना पुन्हा आक्रसतात आणि विरलेल्या जागेवर दर वेळी थोडा दाब पडतो. मग काही तासांनी, काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी दोन्ही पत्रे एकमेकांना भिडतात. आतल्या आत शॉर्ट होतो. उष्णता १३० अंशांच्या आसपास गेली की पापुद्रा वितळू लागतो, शॉर्ट वाढतो आणि त्यापुढे सेल आपल्याच उष्णतेने तापत जातो. बहुतेक प्रकारच्या सेलांत आतल्या लेपातून प्राणवायूही सुटतो. म्हणून गोणपाट टाकून हवा तोडली तरी ही आग विझेलच असे नाही.

सेलवरचे रंगीत प्लॅस्टिक फाटले तर पुष्कळजण तिकडे लक्ष देत नाहीत. वरची बारीक टोपी धन टोक, हे सर्वांना माहीत असते. पण बाकीचे सगळे अंग, अगदी टोपीच्या भोवतालची कडसुद्धा, ऋण टोक असते. म्हणजे दोन टोकांमधले अंतर सेलच्या लांबीएवढे नसते, वरच्या बाजूला ते दोन-तीन मिलिमीटरच असते. तिथे आवरण फाटले आणि निकेलची पट्टी घासली की शॉर्ट झालाच.

या सेलांच्या जन्मकथेतही माराचीच परीक्षा आहे. जपानचे अकिरा योशिनो यांनी १९८६ मध्ये आपल्या नव्या बॅटरीवर लोखंडाचा जड ठोकळा उंचावरून टाकून पाहिला. शुद्ध लिथियम धातूची बॅटरी त्या घावासरशी पेटली, त्यांची नवी बॅटरी पेटली नाही. लिथियम-आयन बॅटरीचा जन्म त्याच क्षणी झाला, असे ते मानतात. या शोधासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना आणखी दोघा शास्त्रज्ञांबरोबर मिळाले. यावरून कोणी धीट होऊ नये. त्या काळच्या सेलपेक्षा आजच्या तेवढ्याच आकाराच्या सेलमध्ये दुपटीहून अधिक ऊर्जा कोंबलेली असते.

आणि हे झाले एकट्या सेलचे. पॅकमध्ये चार-सहा सेल शेजारी शेजारी जोडलेले असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की बाकीचे सगळे आपला प्रवाह त्याच्यात ओततात. बीएमएसची पट्टी लावली आहे, ती सांभाळून घेईल, असा भरवसा काहीजण देतात. ती पट्टी व्होल्टेज पाहते, प्रवाह पाहते, फार तर तापमान पाहते. पोचा तिला दिसत नाही आणि शेजाऱ्याने शेजाऱ्यात ओतलेला प्रवाह तिच्यातून जातही नाही.

चार्जरचेही असेच. पंपाची मूळ बॅटरी शिशाची असेल तर तिचा चार्जर साधारण साडेचौदा व्होल्ट देतो. लॅपटॉपच्या तीन सेलांच्या मालिकेला १२.६ व्होल्टपुढे देणे घातक. बॅटरी बदलली आणि चार्जर जुनाच ठेवला, असे घडू देऊ नये.

धुराने जास्त माणसे जातात

वसई येथे सप्टेंबर २०२२ मध्ये घरात रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी पहाटे फुटली. त्या खोलीत आजीजवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि आठवड्याभरात दगावला. ही घरी बांधलेली बॅटरी नव्हती. त्याच वर्षी मार्चमध्ये तमिळनाडूतील वेल्लोर येथे चार्जिंगला लावलेल्या दुचाकीने रात्री पेट घेतला, तेव्हा बाप आणि लेक धुराने गुदमरून मेले. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात अशा बॅटऱ्यांच्या आगीत १८ माणसे गेली. वापरलेल्या बॅटरीतून सेल काढून त्यांचे पॅक विकायला त्या शहराने त्याच वर्षी कायद्याने बंदी केली. कंपनीच्या बॅटरीची ही कथा, तर पोचा आलेल्या सेलांच्या पॅकची हमी कोण देणार?

सेल बिघडू लागला की आधी तो सुसकारे टाकतो आणि नेलपॉलिशसारखा गोडसर वास येतो. पुढे दाट धूर निघतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो आणि त्याने माणूस गुंगीतच जातो. शिवाय हायड्रोजन फ्लोराइड नावाचा वायू असतो. डोळे, नाक, घसा आणि फुफ्फुसे यांच्या ओलाव्याशी मिळताच त्याचे जहाल आम्ल बनते. यात फसवी गोष्ट अशी, की धुरातून बाहेर आलेला माणूस "मला काही झाले नाही" म्हणतो, चहा घेतो आणि काही तासांनी त्याला धाप लागते, कारण तोवर फुफ्फुसात पाणी साचू लागलेले असते. म्हणून असा धूर छातीत गेला असेल तर त्रास नसला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. धूर लिथियम बॅटरीचा होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. नुसते "धुरात सापडला" म्हटल्यास ते सर्वसाधारण आगीचा विचार करतील.

भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. नळ नसेल तर तांब्यातांब्याने ओतावे. अंगठी, घड्याळ, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. टूथपेस्ट, शाई, हळद, तेल, बर्फ यांतले काहीही लावू नये. हे सांगून आम्ही थकलो, पण रुग्ण अजून टूथपेस्ट फासूनच येतात आणि ती खरवडताना त्यांनाच यातना होतात. पाझरलेला द्रव किंवा धुराची पूड अंगावर पडली असेल तर तिथेही भरपूर पाणी सोडावे. जखम छोटी दिसूनही ठणका फार असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्या आम्लावर कॅल्शियमचे वेगळे औषध लावावे लागते. डोळ्यांत गेल्यास पंधरा-वीस मिनिटे डोळे धुवावेत.

पॅक पेटलाच तर आधी माणसे बाहेर काढावीत, दार ओढून घ्यावे, जमल्यास मेन स्विच पाडावा आणि ११२ किंवा १०१ ला फोन करावा. पेटता पॅक हाताने उचलून बाहेर नेण्याची मर्दुमकी दाखवू नये. पाठीवरच्या पंपातून सुसकारा ऐकू आला तर पट्टे सोडून पंप जागेवर टाकावा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला पळावे. टाकीतल्या औषधाची पर्वा करू नये. लिथियमच्या आगीवर पाणी चालत नाही हा समज शुद्ध लिथियम धातूपुरता खरा आहे. या बॅटऱ्यांवर वीज तोडल्यानंतर भरपूर पाणी हाच उपाय, कारण त्यांना थंड करावे लागते. विझलेला पॅकही पुन्हा पेटतो, म्हणून तो घरात आणू नये.

पोचा आलेला, वाकलेला, पाझरलेला, गंजलेला किंवा काही न करता गरम होणारा सेल पॅकमध्ये घालू नये, मग मीटर काहीही सांगो. आवरण फाटलेल्या सेलचे अंग शाबूत असेल तर नवे आवरण चढवता येते, पण पोचा ठोकून सरळ करता येत नाही. मोबाइलची फुगलेली बॅटरी दाबून बसवू नये, टोचून हवा तर मुळीच काढू नये. पंप पडला असेल तर पॅक बाहेर काढून उघड्यावर, गवत-कडब्यापासून दूर ठेवावा आणि उघडून पाहिल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. एरवीही चार्जिंग जागेपणी, पडवीत किंवा ओट्यावर करावे. दाराच्या वाटेवर नको, नाही तर पळायलाच जागा उरत नाही.

काढून टाकलेल्या सेलांचे काय? मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, असे सांगतात. त्याने टोके गंजतात आणि आत चार्ज शिल्लक राहतो. त्यापेक्षा दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून सेल कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, झाकण सैल ठेवून, घराबाहेर सावलीत ठेवावेत. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा नवी बॅटरी घेताना दुकानदाराला जुनी घेण्याविषयी विचारावे. घंटागाडीत मात्र टाकू नयेत. तिथे कचरा दाबला जातो आणि आधीच पोचा आलेल्या सेलवर पुन्हा वजन पडते.